चटणीकडे, भाजीकडे

गुरांच्या डॉक्टरला माणसं डॉक्टर म्हणतात आणि गुरं काहीच म्हणत नाहीत, म्हणून हा धंदा बरा, असं वामनराव म्हणत. हे ते विनोदाने म्हणत नसत. वामनरावांनी विनोद केल्याचं मला आठवत नाही. हसायचं काम ते ऐकणाऱ्यावर सोपवत, आणि ऐकणारा खरोखरच हसला तर त्याच्याकडे, याला जंत झालेत की काय, अशा नजरेने बघत.

लग्न होऊन मी देवळाली प्रवऱ्याला आले ती त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. माझे यजमान साखर कारखान्याच्या कचेरीत होते. आमचं सामान बैलगाडीतून उतरत असताना अंगणात काठी वाजली. उंच, काटकुळा, टोपी न घातलेला माणूस माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"गुरं आहेत?"

"नाहीत."

"मग माझा तुम्हाला काही उपयोग नाही," असं म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून चहाची किटली आणि गूळपोळ्या घेऊन त्यांच्या पत्नी, काकू, आल्या. "त्यांनी पाठवल्यात," म्हणाल्या. "पण त्यांनी पाठवल्यात असं सांगू नको म्हणाले." त्या दिवसापासून वामनराव मला 'भाडेकरू' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. "भाडेकरू, इकडे या," अशी हाक आली की मी हातातलं पीठ झटकून जाई, कारण त्या घरात रोज काहीतरी बघण्यासारखं असे.

त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता. तो कसा गेला याच्या हकीकती समोरच्या माणसाप्रमाणे बदलत. दावं ढिलं बांधणाऱ्या शेतकऱ्याला ते सांगत, "तुझ्यासारख्याच एकाची म्हैस होती." कुणी फारच खोदून विचारलं तर, "म्हशीला विचारा, ती तिथेच होती." खरी गोष्ट काकूंनी सांगितली. बैलाला औषध पाजताना त्याचा खूर पायावर पडला, जखम चिघळली, आणि नगरच्या दवाखान्यात पाय काढला तेव्हा माणूस वाचला. गावातले एक मास्तर म्हणत, वामनाने तीन पावलांत त्रिभुवन घेतलं, आमच्या वामनाला एकाच पावलात तालुका पुरा करायचाय. हे वामनरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तरांना सांगा, त्या वामनाकडे गाडी नव्हती."

एकदा काकूंबरोबर मीही त्यांच्या गाडीतून शनिशिंगणापूरला गेले होते. आम्ही दोघी दर्शनाला, ते एका आजारी गायीला. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे. लोक उंबऱ्याशी उभे राहून हाक मारतात. वामनरावांना हाका मारणं आवडत नसे आणि न सांगता आत शिरणं त्यांच्या रीतीत बसत नसे. ते चौकटीत उभे राहिले, काठी उचलली आणि स्वतःच्या लाकडी पायावर टक् टक् केलं. आतून बाई म्हणाली, "या डॉक्टर." म्हणजे ही नेहमीचीच पद्धत होती. परत येताना मी काकूंकडे बघून हसले तर पुढून आवाज आला, "ज्याच्याकडे दार नाही त्याच्याकडे जाताना आपलं घेऊन जावं."

आता गाडीविषयी. वांग्याच्या रंगाची, लांबरुंद, जुनी अमेरिकन गाडी होती. मुंबईचे कुणी साहेब देश सोडून निघाले तेव्हा ती विकायला निघाली, आणि वामनरावांनी ती घेतली ती एकाच गुणासाठी. तिला क्लच नव्हता. गेअर आपोआप पडत. ब्रेकला एक पाय, तेलाला तोच पाय, डावा पाय नुसता बसून. नगर जिल्ह्यात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. मी आले त्या वर्षी टाकळीचा सखाराम नावाचा शेतकरी म्हैस दाखवायला आला होता. त्याने गाडीत डोकं घालून सगळं न्याहाळलं.

"हिला क्लच न्हाई व्हय?"

"नाही."

"आनि तुमाला पाय न्हाई." सखारामने थोडा विचार केला. "ब्येस जमलं मग. सोयरीक पाहूनच केली म्हनायची."

वामनरावांनी त्याच्या म्हशीला औषध दिलं आणि तो गेल्यावर काकूंना म्हणाले, "या माणसाला गाडी समजली."

एकदा त्यांनी ड्रायव्हरही ठेवून पाहिला होता. अडलेल्या गायीकडे जाताना तो वाटेत चहाला थांबला. बरी चार माणसं भेटली, दुसरा कप झाला. हे पोचेपर्यंत गाय गेली. वामनराव घरी आले, ड्रायव्हरला रामराम केला आणि पुन्हा ते नाव काढलं नाही. "ड्रायव्हरला म्हशीची घाई नसते," एवढंच म्हणत. त्या गायीचं नाव त्यांच्या लक्षात होतं, ड्रायव्हरचं विसरले होते.

बहात्तर सालचा दुष्काळ आला तेव्हा नदीकाठचा आमचा भागही सुकला. पूर्वेकडची माणसं गुरं घेऊन चालत आली. माळावर छावणी पडली. हाडांवर कातडं टांगल्यासारखी जनावरं ओळीने बांधलेली असत. सरकारी डॉक्टर होते, पण एक माणूस किती पुरणार? वामनराव रोज सकाळी न बोलावता जात. त्याच उन्हाळ्यात गाडीने दगा दिला.

आधी ती नुसती ओरडू लागली. इंजिन ढणाढणा आवाज करी आणि गाडी मात्र लग्नातल्या रुसलेल्या आत्याबाईसारखी जागची हलत नसे. मग एका सकाळी पुढे जाणं तिने साफ बंद केलं. वामनरावांनी गेअरची दांडी या खाचेत घातली, त्या खाचेत घातली. शेवटी मागच्या गेअरला टाकली. गाडी निमूटपणे मागे सरकली.

"मागे चालते," वामनराव म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या.

"चालते म्हणजे चालते. छावणी काही पुढेच असली पाहिजे असं नाही."

त्यांनी गाडी अंगणातून पाठमोरी रस्त्याला काढली. लाकडी पायामुळे त्यांना सीटवर मान-कंबर वळवून मागे बघता येत नसे. आरशात म्हणाल तर निम्मं आभाळ. म्हणून काकूंना मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून बसवलं. मीही शेजारी चढले. छावणीतल्या बायांना ताक द्यायचं हे निमित्त होतं. खरं म्हणजे हे चुकवणं मला शक्य नव्हतं.

पहिल्याच वळणाला काकू म्हणाल्या, "उजवीकडे घ्या." वामनरावांनी उजवीकडे घेतली आणि आम्ही घाणेरीच्या झुडपात गेलो.

"उजवीकडे म्हटलं होतं!"

"उजवीकडेच घेतली."

"माझ्या उजवीकडे!"

"गाडी माझ्या हातात आहे. उजवीकडे म्हणजे माझ्या."

"मग माझं उजवं ते तुमचं डावं, असं मनात उलटं करून करून सांगू? तेवढ्यात झाड येईल!"

झुडपातली एक शेळी आमच्याकडे बघत होती. मग काकूच म्हणाल्या, "चटणीकडे घ्या."

वामनरावांनी क्षणभर समोर पाहिलं आणि चाक डावीकडे फिरवलं. गाडी झुडपातून अलगद रस्त्यावर आली.

हे ज्याने आयुष्यभर मांडी घालून पानावर जेवण केलंय त्याला सांगावं लागत नाही. पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भात, वरच्या बाजूला मधोमध मीठ. बसणारा कुठेही तोंड करून बसो, चटणी त्याच्या डाव्या हाताला. काकूंनी त्यांना समोरून इतकी वर्षं वाढलं होतं की आपल्या कुठल्या हाताला त्यांची चटणी येते हे ठरवायला त्यांना विचार करावा लागत नव्हता. उजवं-डावं ज्याचं त्याचं असतं. चटणी एकाच माणसाची असते.

त्या दिवशी आम्ही छावणीपर्यंत असेच गेलो. "चटणी, चटणी... पुरे. आता भाजी. थोडीच भाजी. आता भात, भात, सरळ भात." रस्त्याच्या कडेचे लोक उभे राहून बघत होते. छावणीतली माणसं तर गोंधळलीच. गाडीचं ढुंगण लांबून दिसू लागलं तसा सखाराम ओरडला, "आरं, डॉक्टर निघाले! थांबवा कुनी! माजी म्हस दावायची हुती!" आणि तो आमच्या मागे धावण्यासाठी म्हणून आमच्या समोर धावत आला. वामनराव उतरले, काठी घेतली, म्हणाले, "आलोय. म्हैस कुठे आहे?"

काही दिवस हे असंच चाललं. माळावर गुरं होती आणि माणूस पोचत होता, तेव्हा कुणी हसलं नाही. पण रहदारीच्या रस्त्यावर हे चालणार नव्हतं. काकूंच्या गुडघ्यांनाही ते झेपेना. नगरच्या मेकॅनिकने गाडीखाली डोकं घालून सांगितलं, "या गेअरबॉक्सचं सामान इथं मिळत न्हाई. सगळे काढून टाकतात आनि हातगेअर बसवतात. एक क्लच लावून घ्या."

"क्लच कोण दाबणार?"

मेकॅनिकने त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

त्याच आठवड्यात पुण्याहून शशी आला. वामनरावांचा एकुलता एक मुलगा, बँकेत होता. सरळ, प्रेमळ मुलगा. बापासारखा तर मुळीच नाही. त्याला आई मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून फिरते हे कुणाकडून तरी कळलं होतं.

"बाबा, आता पुण्याला चला. मोठी खोली रिकामी ठेवलीये तुमच्यासाठी."

"पुण्यात गुरं आहेत?"

"आहेत. पण तुम्हाला बोलावलंय कुणी?"

वामनरावांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. गाडी चालत नसली तर येईन. चालत असली तर नाही." आणि वामनरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे शशीला लहानपणापासून माहीत होतं. तो गेला.

काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "तुम्हाला जायचंय का पुण्याला?" मी विचारलं. म्हणाल्या, "तिथे मी काय करू गं? दिवसभर हे घरात असतील." आणि मग पदर डोळ्याला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

दुसऱ्या सकाळी वामनरावांनी कामाला हात घातला. शेतांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या चारीला पाणी नव्हतं. दुष्काळाने केलेला तेवढा एकच उपकार. चारीवर गाडी आडवी उभी केली, चाकांना दगड लावले, आणि लाकडी पाय सोडून ठेवून ते कोरड्या चारीत गाडीखाली शिरले. बाहेर गाडीला टेकून त्यांचा पाय उभा. येणारेजाणारे त्या पायाला नमस्कार करून विचारत, "डॉक्टर, हायेत का?" आतून आवाज येई, "आहे."

तेल सोडलं तेव्हा मदतीला आलेला सखाराम किंचाळला. "डॉक्टर! रगत!" गाडीखालच्या घमेल्यात लालभडक तेल पडत होतं. "हिचं असंच असतं," वामनराव आतून म्हणाले. "घाबरू नकोस. जिवंत आहे."

गेअरबॉक्सच्या पोटातून जो लोखंडी ठोकळा निघाला त्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. वाळवीने खाल्लेल्या लाकडासारख्या त्यात वाकड्यातिकड्या वाटा होत्या. त्या वाटांतून तेल फिरतं, आणि बोटाएवढ्या दांड्या भोकांत मागेपुढे सरकून तेलाला कुठे जायचं ते सांगतात. तेल दाबाने गेलं की गेअर पडतो. मी विचारलं, एवढ्याशा ठोकळ्याचं एवढं काय? वामनराव ठोकळ्यावरचं तेल पुसत होते. म्हणाले, "माझा डावा पाय यात आहे."

ठोकळा आमच्या दोन घरांमधल्या पडवीत आला. काकूंचं सणासुदीचं मोठं पितळी ताट मागितलं गेलं. वामनराव पाटावर बसले, ताट पुढ्यात घेतलं, आणि वर मधोमध चिमूटभर मीठ ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ताट गोल असतं. वर कुठे ते कळायला नको?"

मग एकेक तुकडा निघे आणि ठोकळ्यात ज्या जागी होता त्या हिशेबाने ताटात बसे. डावीकडच्या दांड्या चटणीच्या जागी, त्यांच्या स्प्रिंगा कोशिंबिरीच्या जागी. उजवीकडच्या भाजीच्या जागी. मोत्याएवढ्या पोलादी गोळ्या मध्ये, भाताच्या. नावंही तीच पडली. "ही भाजी बरी आहे," "कोशिंबीर जरा गंजलीय," असं ते पुटपुटत. काकू रॉकेलच्या वाटीत एकेक धुऊन देत.

दोष भाजीकडच्या मोठ्या दांडीत निघाला. बाकीच्या दांड्या तेल लावून भोकात सोडल्या की सावकाश खाली उतरत. ही खळ्ळकन खाली गेली. "नवा जावई घरात येतो तसं यायला हवं," वामनराव म्हणाले. "अडखळत. हा घरजावयासारखा शिरतोय." मग त्यांनी काकूंच्या अंबाड्यातला एक केस उपटला.

"अहो!"

केस त्यांनी दांडी आणि भोक यांच्यामध्ये धरला. केस आत गेला. "झिजलंय. एवढ्या फटीतून तेल पळतं. मागे जाताना हिच्यात दाब जास्त असतो, म्हणून पळूनही उरतं. पुढे जाताना उरत नाही." त्यांनी केस काकूंना परत दिला.

फट भरायची कशी, यावर दोन दिवस गेले. ते पडवीत नुसते बसून असत. दांडी बोटांत फिरवत. जेवणावरही लक्ष नव्हतं. शेवटी एकदा काकूंनी आमटी वाढली तेव्हा ते आमटीकडे न बघता पातेल्याकडे बघू लागले.

"याला कल्हई कधी लावली?"

दुसऱ्या सकाळी कल्हईवाले करीमभाई भाता घेऊन अंगणात आले. काकूंनी पातेली, वाट्या बाहेर काढल्या. ती सगळी झाल्यावर वामनरावांनी दांडी पुढे केली. करीमभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. ते मानी गृहस्थ होते.

"हे भांडं न्हाई."

"नाही."

"डॉक्टरसाब, कल्हई कशाला असती? मानसाच्या पोटात जहर जाऊ नये म्हनून असती. आमच्या बापजाद्यांनी ज्यात कोनी जेवत न्हाई त्याला कल्हई लावली न्हाई. मी बी लावनार न्हाई."

वामनराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. लाकडी पाय पुढे पसरला. "करीमभाई," ते म्हणाले, "मी यातच जेवतो."

करीमभाईंनी त्या पायाकडे पाहिलं. मग भाता पुन्हा फुंकला. दांडी तापली, नवसागराचा धूर नाकात गेला, आणि कथलाचा चकचकीत थर तिच्यावर चढला. पहिला थर नुसताच ओघळला, तो पुसून पुन्हा लावला. लाकडी चिमट्यात धरून करीमभाईंनी ती उजेडात फिरवली. "आता सोन्याच्या ताटात ठिवा," म्हणाले.

आता दांडी भोकात शिरेना. मग घासणं सुरू झालं. राखुंडी एरंडेलात कालवून तिचा लेप, आणि दांडी भोकात घालून फिरवायची, पुसायची, पुन्हा फिरवायची. मी स्वयंपाक करताना ऐके, काकू निवडताना बघत. शनिवारी दुपारी हाक आली. "भाडेकरू, इकडे या." त्यांनी दांडी भोकाच्या तोंडाशी धरून सोडली. ती थांबली. विचार केल्यासारखं करून हळूहळू खाली उतरली.

"आला जावई," काकू म्हणाल्या.

सगळं बसवून, पट्ट्या आवळून, लाल तेल भरून संध्याकाळी गाडी सुरू केली. गेअरची दांडी पुढच्या खाचेत टाकली. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि थांबली. पुन्हा टाकली, पुन्हा उडी. सखाराम म्हणाला, "चालती, पन थोडी थोडी." वामनरावांनी इंजिन बंद केलं आणि चाकावर हात ठेवून बसून राहिले. सकाळी पहिल्या गाडीने शशी येणार होता.

काकू ओसरीवर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या खाली आल्या, गाडीच्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "मीठ मी पुसलं."

वामनरावांनी मान वळवली.

"परवा. लोखंडाजवळ मीठ बघून वाटलं, गंजेल. पुसलं, आणि ताट उचलून आतल्या फळीवर ठेवलं. परत आणताना कसं ठेवलं..." त्यांनी बोटाने हवेत गोल काढला. "ताट गोल आहे हो."

मला वाटलं, आता वामनराव ओरडतील. चूक तशी साधी नव्हती. ताट अर्धं फिरलं होतं. दांड्या लहानमोठ्या, त्या चुकीच्या भोकात गेल्याच नसत्या, पण दोन सारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगा होत्या, एक चटणीकडची, एक भाजीकडची. त्या उलट्यापालट्या बसल्या होत्या. वामनराव काकूंकडे बघत राहिले. मग खाली वाकून लाकडी पायाचे पट्टे सोडू लागले.

"इतकी वर्षं जेवतोय," ते म्हणाले, "मीठ नसलेलं ताट पुढ्यात आलं आणि मी विचारलं नाही. चूक जेवणाऱ्याची."

ते उजेड होता तोवर आणि पहाटे पुन्हा चारीत होते. या वेळी ताटावर मीठ नव्हतं. काकूंनी वरच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं होतं, न पुसता येण्यासारखं.

रविवारी शशी स्टँडवर उतरला तेव्हा समोर वांग्याच्या रंगाची गाडी उभी होती, तोंड गावाकडे करून. वामनरावांनी आतून दार उघडलं. गाडी सरळ पुढे निघाली आणि वाटेत सखाराम हात करून ओरडला, "आज म्होरून!" घराच्या पायरीशी आल्यावर शशीने विचारलं, "कुणी केली दुरुस्त?"

"कल्हईवाल्याने."

शशीने आईकडे पाहिलं. आई ताट घासत होती. कुंकवाचं बोट काही केल्या निघत नव्हतं. जेवण करून तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला, एकटाच.

त्यानंतर पाऊस पडला, छावणी उठली, गुरं आपल्या गावाला गेली. गाडी चालत राहिली. काही वर्षांनी यजमानांना पुण्याला नोकरी मिळाली तेव्हा माझा पाय त्या घरातून निघत नव्हता. काकू गळ्यात पडल्या. वामनरावांनी ट्रंका बघून विचारलं, "गुरं नाहीत ना घेतलीत?" आणि गाडी काढली. आम्हाला ते स्वतः स्टँडवर सोडणार होते. काकूही बसल्या.

वाटेत इंजिन ओरडू लागलं. ढणाढणा. आणि गाडी मात्र सावकाश. तो आवाज मी ओळखला. काकूंनीही ओळखला असणार, त्या बाहेर बघू लागल्या. "ट्रंका जड आहेत," वामनराव म्हणाले. ट्रंकांत आमचे कपडे आणि चार भांडी होती.

स्टँडवर सामान उतरवलं. वामनराव गाडीतून उतरले नाहीत. मी खिडकीशी वाकून नमस्कार केला.

"शशी भेटेल तुम्हाला," ते समोर बघत म्हणाले. "गाडीचं विचारेल."

"उत्तम आहे म्हणून सांगेन."

"खोटं कशाला बोलायचं? चालते म्हणा. तेवढं खरं आहे." मग जरा थांबून, "मालती," असं म्हणाले. पहिल्यांदाच. गेअरच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, "सरा. इथे मला वळायला जागा नाही."

ज्या मैदानात मोठमोठ्या एसट्या वळत होत्या त्या मैदानात त्यांनी हे सांगितलं. काकू पुढच्या सीटवरून उतरल्या, पदर खोचला आणि न सांगता मागे जाऊन बसल्या. मागच्या सीटवर त्या गुडघे टेकताना मला दिसल्या. त्यांचा पांढरा झालेला अंबाडा पुढच्या सीटच्या पाठीच्या वर दिसत राहिला.

गाडी मागे सरकू लागली. आजवर मी कितीतरी माणसांना निरोप दिला. जाणाऱ्याची शेवटी पाठच दिसते. वामनराव तेवढे आमच्याकडे तोंड करून गेले. हात हलवण्याचा माणूस नव्हता तो. दोन्ही हात चाकावर, नजर आमच्यावर, आणि चेहऱ्यावर रेघ हललेली नाही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते बघत होते. बघण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. चेहरा लहान लहान होत गेला. फाटकाशी आलेली एसटी थांबली, ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "डॉक्टर, आलात का निघालात?"

आतून काकूंचा आवाज स्टँडभर ऐकू आला.

"चटणी... चटणी... हं, पुरे. आता भात. भातच."